वर्कशॉपमध्ये दिव्यांग विद्यार्थी: नव्या प्रशिक्षकासाठी प्रवेशापासून नोकरीपर्यंत

नव्या तुकडीची यादी हातात येते आणि एका नावापुढे शेरा दिसतो: कर्णबधिर. किंवा बौद्धिक अक्षमता, किंवा अल्पदृष्टी. तुम्हाला ट्रेड, म्हणजे शिकवायचा व्यवसाय, येतो, मशिनं येतात, भरलेला वर्ग सांभाळता येतो. पण या एका विद्यार्थ्याला शिकवायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं. अशा वेळी दोनच गोष्टी पटकन सुचतात. एक भीती: मशिनपाशी काही झालं तर? दुसरी दया: त्याला सोपं काहीतरी देऊ, बाजूला बसू दे, हजेरी लागेल, पास करू. दोन्ही मनापासून असतात आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो. प्रशिक्षण संपतं, प्रमाणपत्र मिळतं आणि हाताला काम येत नाही.

हा लेख अशा नव्या प्रशिक्षकासाठी आहे. ज्या विशेष शिक्षकाला आजवर फक्त वर्गखोली माहीत होती आणि आता वर्कशॉपमध्ये उभं राहायचं आहे, त्याच्यासाठीही आहे. हे काम करता करता एक गोष्ट मला पक्की पटली: विद्यार्थी अडला की आधी काम तपासायचं, मग अवजार, मग आपली सांगण्याची पद्धत. विद्यार्थ्याची क्षमता हा शेवटचा प्रश्न. बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

1. प्रमाणपत्र वाचा, पण माणसाला भेटा

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर प्रकार असतो, टक्केवारी असते. तो विद्यार्थी ड्रिल धरू शकतो का, किती वेळ उभा राहू शकतो, नकाशा वाचू शकतो का, यातलं काहीही त्यावर नसतं. एकाच टक्केवारीचे दोन विद्यार्थी कामात पूर्णपणे वेगळे निघतात.

म्हणून तुकडी सुरू होण्याआधी अर्धा तास त्याच्याशी बोला. त्याच्याशी, म्हणजे सोबत आलेल्या आईवडिलांशी किंवा दुभाष्याशी नव्हे. उत्तर द्यायला वेळ लागला तर थांबा. विचारायचं ते साधंच असतं. छापलेलं वाचायला सोपं जातं की कुणी वाचून दाखवलेलं? किती वेळ उभं राहिल्यावर थकवा येतो? कुठला आवाज, वास, प्रकाश सहन होत नाही? दिवसात औषध कधी असतं, त्यानंतर झोप येते का? शाळेत कुठल्या शिक्षकाची पद्धत जमली होती? फिट येत असतील तर आधी काही जाणवतं का, आणि आल्यावर आजूबाजूच्यांनी काय करायचं?

शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: वर्गातल्या इतरांना काय सांगायचं आणि काय नाही? हा निर्णय त्याचा आहे. सुरक्षिततेसाठी ज्यांना कळणं भागच आहे, त्यांनाही त्याच्या संमतीने आणि गरजेपुरतंच सांगा.

ट्रेडची निवडही इथेच तपासून घ्या. दिव्यांग विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं ठरावीक कामांत बसवलं गेलं आहे: पाकिटं चिकटवणं, माळा ओवणं, पुठ्ठ्याची खोकी. यातलं एखादं काम कुणाला मनापासून आवडत असेल तर उत्तमच. पण “अशा मुलांना हेच जमतं” म्हणून ते दिलं असेल, तर विद्यार्थ्याला दोनतीन ट्रेड प्रत्यक्ष दाखवा, हात लावू द्या आणि मग विचारा.

2. हक्काची बाजू

ही बाजू थोडक्यात, पण माहीत हवीच. संयुक्त राष्ट्रांनी 13 डिसेंबर 2006 रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि 3 मे 2008 पासून तो अमलात आला. 180 हून अधिक देश त्यात सामील आहेत. कलम 24 मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे: ते भेदभावाविना मिळालं पाहिजे आणि त्यासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी दिल्या पाहिजेत. कलम 27 स्वतः निवडलेल्या कामातून पोट भरण्याच्या हक्काबद्दल आहे. आणि कलम 2 सांगतं की वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच.

म्हणजे विद्यार्थिनीने दुभाषी मागितला किंवा उंची कमी असलेलं टेबल मागितलं, तर ती उपकार मागत नाही. देशादेशाचे कायदे, अर्ज आणि मुदती वेगवेगळ्या असतात. तुमच्या संस्थेत ही जबाबदारी कोणाकडे आहे, अर्ज कुठे द्यायचा, परीक्षेच्या सोयींसाठी किती आधी कळवावं लागतं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून ठेवा. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून लेखनिक मिळत नाही, आणि नुकसान विद्यार्थ्याचं होतं.

3. काम करून घेऊन पाहा

लेखी चाचणीवरून व्यवसायाची क्षमता ठरवू नका. कर्णबधिर विद्यार्थ्याला प्रश्नाची भाषा अवघड जाते, अध्ययन अक्षमता असलेल्याला वाचन. आणि गुण कमी पडले की आपण म्हणतो, याला ट्रेड जमणार नाही. त्यापेक्षा खरं अवजार, खरं सामान आणि खऱ्या कामाचा छोटा तुकडा द्या. सुरुवातीला तुम्ही करून दाखवा, मग त्याला करू द्या.

पाहायचं काय? काम पूर्ण झालं का, एवढंच पाहिलं तर फार थोडं कळतं. सूचना कशी दिल्यावर कळली: सांगून, दाखवून, की चित्राने? चूक झाल्यावर स्वतःला कळली का? दुसऱ्यांदा करताना पहिल्यापेक्षा काय सुधारलं? किती वेळाने लक्ष ढळलं, आणि ते थकव्याने की आजूबाजूच्या गोंगाटाने? कुठल्या कामाला तो आपणहून परत गेला?

एका दिवसाच्या निरीक्षणावर विसंबू नका. नवी जागा, नवी माणसं, मशिनचा आवाज यांनी कुणीही बिथरतं. निदान आठवडाभर, वेगवेगळ्या वेळी पाहा.

4. काम मोडून पाहा

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. अनुभवी कारागिराला जे “एक काम” वाटतं, त्यात दहाबारा कामं दडलेली असतात. हात सरावलेला असल्यामुळे ती त्याला दिसतच नाहीत.

सुतारकामातलं उदाहरण घेऊ: फळीला बिजागरी बसवणं. तुम्ही म्हणाल, खुणा कर, भोकं पाड, स्क्रू मार. पण प्रत्यक्षात घडतं ते असं. फळी शिकंज्यात पकडायची. बिजागरीची योग्य बाजू वर घ्यायची. तिचा गोल कणा फळीच्या काठाबाहेर राहील अशी ती ठेवायची. एका हाताने ती दाबून धरायची. दुसऱ्या हाताने प्रत्येक भोकात पेन्सिलीची खूण करायची. बिजागरी बाजूला ठेवायची. टोच्याने खुणेवर बारीक खळगी पाडायची. तिथे ठरलेल्या खोलीपर्यंत ड्रिल मारायचं. बिजागरी पुन्हा तशीच ठेवायची. मधला स्क्रू अर्धाच आवळायचा, मग बाकीचे, आणि शेवटी सगळे घट्ट.

असं मोडलं की विद्यार्थी नेमका कुठे अडतो ते दिसतं. बौद्धिक अक्षमता असलेले किंवा हातात कंप असलेले विद्यार्थी बहुधा खुणा करतानाच अडतात, कारण धरलेली बिजागरी सरकते. ड्रिल मारताना भोक किती खोल न्यायचं, हा दुसरा अडथळा. म्हणजे “याला बिजागरी बसवता येत नाही” हे वाक्यच चुकीचं आहे. त्याला बारा पायऱ्यांपैकी दहा येतात, दोन येत नाहीत. आणि त्या दोन पायऱ्यांचं काम अवजाराकडे सोपवता येतं. लाकडाच्या दोन पट्ट्या काटकोनात ठोकून एक जिग बनवा. बिजागरी त्या कोपऱ्यात टेकवली की सरकत नाही आणि दर वेळी त्याच जागी बसते. ड्रिलच्या बिटला हव्या त्या उंचीवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. दोन्हीला मिळून खर्च नगण्य. आणि असं जिग टेबलावर आलं की वर्गातले बाकीचे विद्यार्थीही तेच वापरायला लागतात, कारण सगळ्यांचंच काम सरळ येतं.

पायऱ्या लिहिताना खुर्चीत बसून आठवू नका. काम करत करत, थांबून थांबून लिहा. मग ज्याला तो ट्रेड येत नाही अशा सहकाऱ्याला कागद द्या आणि फक्त लिहिलं आहे तेवढंच करायला सांगा. तो जिथे थबकेल, तिथे तुमची एक पायरी सुटली आहे.

ही पद्धत जुनी आणि तावूनसुलाखून निघालेली आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क गोल्ड या विशेष शिक्षणातल्या संशोधकांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना 15 भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. त्या काळी अशांना कारखान्यातलं गुंतागुंतीचं काम जमणार नाही असंच धरलं जाई. गोल्ड यांनी काम पायऱ्यांत मोडलं, काहींसाठी सुट्या भागांना रंगाची खूण केली, आणि बोलणं कमीत कमी ठेवलं. ते तरुण ब्रेक जोडायला शिकले, आणि रंगाची खूण मिळालेले अधिक लवकर शिकले. व्यवसाय प्रशिक्षणात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं: तिथे बदललं ते शिकवणं.

5. मदत द्या आणि वेळेत काढून घ्या

मदतीच्या पातळ्या असतात. काहीच न सांगता वाट पाहणं. खुणेने दाखवणं. शब्दांनी सांगणं. करून दाखवणं. हात धरून करून घेणं. नव्या प्रशिक्षकाचा कल शेवटच्या दोनकडे असतो, कारण वेळ कमी असतो आणि विद्यार्थी अडलेला पाहवत नाही. पण सतत मिळालेल्या मदतीची सवय लागते. मग प्रत्येक पायरीनंतर विद्यार्थी तुमच्या तोंडाकडे पाहतो.

म्हणून सूचना दिल्यावर मनात पाच मोजा. पुढे काही झालं नाही, तरच हलकी मदत. त्याने भागलं नाही, तर पुढची. जिथे चुकलं तर इजा होऊ शकते, म्हणजे मशिन सुरू करणं किंवा धारदार पात्याजवळचं काम, तिथे मात्र उलट क्रम ठेवा. आधी पूर्ण मदत, आणि हात सुरक्षित बसल्यावर ती हळूहळू कमी करा. कुणाचाही हात धरण्याआधी विचारा. अंध विद्यार्थ्याला दाखवताना तुमचा हात त्याच्या हाताखाली ठेवा, म्हणजे तो तुमची हालचाल बोटांनी “वाचतो” आणि नको वाटलं तर हात काढून घेऊ शकतो. वरून पकडलेल्या हाताला फक्त ओढलं गेल्यासारखं वाटतं.

लांबलचक काम शेवटाकडून शिकवून पाहा. बिजागरीच्या कामात पहिले दिवस सगळं तुम्ही करा आणि शेवटचा स्क्रू घट्ट करण्याचं काम त्याला द्या. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. दर वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होतं, आणि दार उघडून मिटून पाहायचा आनंदही त्यालाच मिळतो. ज्या विद्यार्थ्याने शाळेत अपयशाशिवाय काही पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी ही गोष्ट फार मोठी असते.

नोंद ठेवायला मोठा अहवाल नको. पायऱ्यांच्या कागदावर तारखेचे रकाने आखा आणि प्रत्येक पायरीपुढे एक अक्षर लिहा: “स्व” म्हणजे स्वतः केलं, “खु” खुणेने, “श” शब्दांनी, “दा” करून दाखवल्यावर, “हा” हात धरून. काही दिवसांनी तो कागदच सांगतो की कुठली पायरी पुढे सरकत नाही. तिथे तीच सूचना चढ्या आवाजात दिल्याने काही होत नाही. पायरी आणखी लहान करा, नाहीतर अवजार बदला.

सांगण्याची भाषाही तपासा. “थोडं घट्ट कर”, “नीट धर”, “जरा अंदाजाने घे” ही वाक्यं कारागिराला कळतात, शिकणाऱ्याला नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) विद्यार्थ्याला तर त्यातून काहीच हाती लागत नाही. “पाना अजून अर्धा फेरा फिरव आणि थांब” हे कळतं.

6. कोणासाठी काय बदलायचं

एकाच प्रकारचं अपंगत्व असलेल्या सगळ्यांना एकच सोय लागू पडत नाही, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

कर्णबधिर विद्यार्थी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण “त्याला दिसतं तर आहे” असं आपण धरून चालतो. पण डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात. तुम्ही वेल्डिंग करून दाखवताना बोलत असाल, तर त्याने तुमच्या हाताकडे पाहायचं की दुभाष्याकडे? हाताकडे पाहिलं तर सूचना गेली, दुभाष्याकडे पाहिलं तर प्रात्यक्षिक गेलं. म्हणून आधी सांगा, थांबा. मग न बोलता दाखवा. मग पुन्हा थांबून सांगा. फळ्याकडे तोंड करून किंवा तोंडावर मास्क ठेवून बोलू नका. लिहून दिलं की झालं, असंही समजू नका: ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे, त्यांच्यासाठी लिखित भाषा दुसरी भाषा असते. अनेक ट्रेडच्या शब्दांना ठरलेल्या खुणा नसतात. सुरुवातीलाच विद्यार्थी आणि दुभाषी यांच्यासोबत बसून अवजारांच्या खुणा ठरवा आणि मोबाइलवर त्यांचे छोटे व्हिडिओ करून ठेवा. धोक्याच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा लावा. आणि कानांचं संरक्षण कर्णबधिर विद्यार्थ्यालाही द्या. उरलेली श्रवणशक्ती मशिनच्या आवाजाने जाऊ शकते. श्रवणयंत्र घालणाऱ्याने गोंगाटात काय करायचं, ते त्याच्या श्रवणतज्ज्ञाला विचारून ठरवा.

अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थी. पहिल्या दिवशी वर्कशॉप रिकामं असताना त्यांना फिरवून आणा: दार, मुख्य स्विच, प्रत्येक टेबल, बाहेर पडायचा रस्ता. नंतर सामान हलवलं तर सांगा. वाटेत वायर आणि स्टूल ठेवायचं नाही, हा नियम सगळ्यांसाठी करा. “हे इथे लाव, ते तिकडे” असं सांगून उपयोग नाही. “तुझ्या उजव्या हाताला, टेबलाच्या काठापासून एक वीत आत” असं सांगा. मशिनच्या डायलवर उंचवट्याचे ठिपके चिकटवा. बोलणारी मोजपट्टी मिळते, दर टप्प्याला टक् असा आवाज करणारी मोजकांडी मिळते. अंध माणसं सुतारकाम करतात, तीही मशिनवर, कारण पट्टी, जिग आणि लाकूड ठरल्या जागी थांबवणाऱ्या आडण्या यांच्या जोरावर माप डोळ्यांऐवजी हाताने पक्कं होतं. संगणकाच्या कामासाठी एनव्हीडीए हा स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मोफत आहे. 2006 मध्ये तो तयार करायला घेणारे दोघे ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमर स्वतः अंध आहेत. अल्पदृष्टी असलेल्यांना मोठ्या अक्षरांपेक्षा पुष्कळदा प्रकाश आणि रंगभेदाचा जास्त उपयोग होतो: टेबलावर न चमकणारा पृष्ठभाग, कामावर थेट पडणारा दिवा, गडद धातूवर पांढरी खूण.

स्वमग्न विद्यार्थी. दिवसाचा क्रम लिहून किंवा चित्रांत भिंतीवर लावा. बदल होणार असेल तर आधी सांगा. आवाजाचा त्रास असेल तर कानाला संरक्षण द्या, मशिन सुरू करण्याआधी इशारा द्या आणि दोन मिनिटं बाहेर जाऊन येण्याची एक ठरलेली खूण ठेवा. तो तुमच्या डोळ्यांत पाहत नाही याचा अर्थ ऐकत नाही असा नाही.

अध्ययन अक्षमता. हात कुशल असतो आणि थिअरीचा पेपर घात करतो. 6 आणि 9 ची अदलाबदल, मिलिमीटर आणि सेंटिमीटरचा घोळ यांनी सामान वाया जातं. मापं आकृतीवरच लिहा, एका आकृतीत एकच एकक वापरा, नेहमी लागणाऱ्या गुणाकारांचा तक्ता भिंतीवर लावा. वर्गात सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका.

चालण्या-हलण्यातलं अपंगत्व. व्हीलचेअर वळायला साधारण 150 सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि टेबलाखाली गुडघे जायला सुमारे 70 सेंटिमीटर उंची. एका हाताने काम करणाऱ्याला दुसरा हात म्हणजे शिकंजा, क्लॅम्प किंवा चुंबकी पट्टी. शिवणयंत्राचं पायाचं पेडल हाताने किंवा गुडघ्याने चालवण्याची सोय करता येते. दुखणं आणि थकवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बसून करायची आणि उभ्याने करायची कामं आलटून पालटून ठेवा.

फिट येणं आणि मानसिक आजार. इथे सरसकट बंदी घालण्याचा मोह होतो. फिट नियंत्रणात असलेला विद्यार्थी आणि वारंवार फिट येणारा विद्यार्थी यांना एकच नियम लावता येत नाही. फिरत्या मशिनवर आणि उंचीवर काम करण्याबद्दल त्याच्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. मानसिक आजारात चांगले आणि वाईट दिवस येतात. बुडालेलं प्रात्यक्षिक भरून काढायची ठरलेली पद्धत असेल, तर एका वाईट आठवड्याने अख्खं वर्ष वाया जात नाही.

7. सोय वेगळी, सूट वेगळी

हा फरक न कळल्यामुळे फार नुकसान होतं. सोय म्हणजे मापदंड तोच, वाट वेगळी: जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारा वाचक, लेखनिक, दुभाषी, बदललेलं अवजार, शांत खोली. सूट म्हणजे मापदंडच कमी: काही भाग वगळला, सोपं काम दिलं, कमी अचूकता चालवून घेतली.

सोय द्यायला कधीही कचरू नका. सूट देताना मात्र दहा वेळा विचार करा. कधीकधी ती योग्यच असते. बौद्धिक अक्षमता असलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला अख्ख्या ट्रेडऐवजी त्यातली चार कामं पक्की शिकवणं शहाणपणाचं ठरतं. पण मग त्याचा प्रमाणपत्रावर काय परिणाम होईल, पुढे कुठली दारं बंद होतील, हे तिला आणि तिच्या घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा आणि त्यांच्या संमतीने ठरवा. गुपचूप दिलेली सूट नोकरीच्या पहिल्या दिवशी उघडी पडते, आणि तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी नसता.

सुरक्षिततेच्या नियमांत सूट कुणालाही नाही.

8. लेखी योजना, एक पानाची

प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याची स्वतंत्र योजना लिहा. ती लिहिताना प्रशिक्षक, विशेष शिक्षक आणि विद्यार्थी स्वतः असे तिघं तरी समोरासमोर हवेत. प्रशिक्षकाला काम माहीत असतं, विशेष शिक्षकाला शिकण्याची रीत. एकट्याने लिहिलेली योजना अर्धीच उतरते.

उद्दिष्ट मोजता येईल असं लिहा. “विद्यार्थिनी शिवणकाम शिकेल” या वाक्यावरून कुणालाच काही कळत नाही. “कापलेल्या चौकोनी कापडाच्या चारही बाजूंना 1 सेंटिमीटरची दुमड घालून सरळ शिलाई मारेल, 10 पैकी 8 वेळा, कुणी न सांगता” असं लिहिलं की झालं की नाही हे कुणीही पाहून सांगू शकतं. त्याच कागदावर सोयी, त्या पुरवण्याची जबाबदारी कुणाची, आणि पुढच्या आढाव्याची तारीख. आपत्कालीन मार्गही इथेच लिहा: आग लागली तर लिफ्ट बंद असेल, मग व्हीलचेअरवरचा विद्यार्थी बाहेर कसा येणार, कर्णबधिर विद्यार्थी एकटा प्रसाधनगृहात असेल तर त्याला कळवणार कोण? या प्रश्नांची उत्तरं कवायत करून तपासा.

9. कामाच्या ठिकाणी

अनेक विद्यार्थी वर्कशॉपमध्ये उत्तम काम करतात आणि नोकरीत अडखळतात, ते कामामुळे नव्हे. उशीर होणार असेल तर कुणाला कळवायचं, सुट्टीत कुणाजवळ बसायचं, पर्यवेक्षक ओरडला तर काय करायचं, समजलं नाही हे कसं सांगायचं, पगाराची पावती कशी वाचायची: हे सगळं शिकवावं लागतं, आणि तेही पायऱ्या करूनच.

विशेषतः बौद्धिक अक्षमता असलेल्यांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं जड जातं. म्हणून प्रशिक्षणाचा शक्य तितका भाग खऱ्या कामाच्या ठिकाणी घ्या. 1980 च्या दशकात अमेरिकेत रुजलेल्या आधारासह रोजगाराचा (सपोर्टेड एम्प्लॉयमेंट) गाभा हाच आहे: आधी खऱ्या नोकरीत बसवायचं, तिथेच सोबत राहून शिकवायचं आणि हळूहळू बाजूला व्हायचं. सोबत राहणाऱ्याला जॉब कोच म्हणतात. फक्त दिव्यांगांसाठी चालवलेल्या वेगळ्या कार्यशाळांतून बाहेरच्या नोकरीत फार थोडे जातात. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांवरच्या समितीनेही 2022 मध्ये कामाच्या हक्कावरच्या आपल्या भाष्यात अशा वेगळ्या रोजगारापासून दूर जायला सांगितलं आहे. माझंही मत तेच आहे: वेगळी कार्यशाळा शिकण्याचा थांबा असू शकते, आयुष्याचा मुक्काम तिथे करू नये.

मालकाशी बोलताना सहानुभूती मागू नका. विद्यार्थ्याला कुठली कामं येतात, किती अचूक येतात, कुठली सोय लागेल, ती कोण बसवून देईल, एवढं एका पानावर द्या. तुमच्याकडचा नोंदीचा कागद इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्याने वापरलेलं जिग आणि पायऱ्यांचा तक्ताही सोबत पाठवा. पगार कामाच्या दराप्रमाणेच असला पाहिजे, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.

जॉब कोचने माघार घेताना आपल्या जागी तिथलाच एखादा सहकारी हळूहळू पुढे आणावा: आधी तो नुसता पाहील, मग काही सूचना तो देईल, मग सगळ्याच. पहिला महिना, तिसरा महिना आणि सहावा महिना या वेळी भेट द्या. नवं मशिन आलं, पर्यवेक्षक बदलला, पाळी बदलली की छान चाललेली नोकरीही डळमळते, आणि ते सांगायला विद्यार्थी बहुधा लाजतो. म्हणून तिथल्या एका आणि संस्थेतल्या एका माणसाचं नाव आणि फोन नंबर त्याच्याजवळ लिहून द्या. तो फोन किंवा तो मेसेज स्वतः करायचा सराव प्रशिक्षण संपायच्या आत तीनचार वेळा तरी करून घ्या.